बगळ्याचे पाय

सासूबाईंनी आयुष्यभर बोट चालवली. वाऱ्यात चालवली, धुक्यात चालवली, एकदा तर इंजिनातून धूर निघत असताना हसत हसत काठाला आणली. आणि पडल्या कुठे, तर न्हाणीघरात. साबणावर पाय पडला, उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि वर 'आता वय झालं, जपा' असंही ऐकवलं. हाड मोडल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. 'वय झालं'चा राग मात्र घरी येईपर्यंत टिकला आणि घरी आल्यावर मुलावर निघाला, कारण साबण त्यानं आणला होता.

घर धरणाच्या पाण्याच्या आतल्या कोपऱ्यात, अगदी काठाला. पुढच्या खोलीत मुलाचं शिलाई मशीन, तो शिंपी. लोक जिथे छत्र्या अडकवतात तिथे या घरात लाइफ जॅकेटं लटकत. मागचं दार उघडलं की चार पायऱ्या, मग लाकडी धक्का, आणि धक्क्याला बांधलेली सासूबाईंची बोट. लांबोडकी, बुटकी, बूड जवळजवळ चपटं, मागे दांडगं इंजिन. बास नावाच्या माशापायी वेडी झालेली हौशी मंडळी असतात, त्यांच्यासाठी असल्या बोटी बनवतात, म्हणून ती बास बोट. एरवी 'बास' म्हणणं तिच्या स्वभावातच नव्हतं. या मंडळींना पहाटे घेऊन जायचं, मासा कुठे दडलाय ते दाखवायचं, आणि गळाला लागलेला मासा सुटला की 'केवढा होता हो!' म्हणून त्यांची समजूत काढायची, हा सासूबाईंचा धंदा. मासा सहसा बोटभरच असे, पण धंदा म्हटला की जीभ थोडी सैल सोडावी लागते.

हात मोडून आठवडा होतोय न होतोय तोच जाहीर झालं, की धरणाच्या दरवाज्यांची दुरुस्ती निघाली आहे आणि यंदा पाणी लवकर सोडणार.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. हा आतला कोपरा आणि बाहेरचं मोठं पाणी यांच्यामध्ये चिखलाचा एक लांब पट्टा आहे. धरण भरलेलं असताना त्याच्यावर दोन पुरुष पाणी असतं आणि खाली पट्टा आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पाणी उतरू लागलं की तिथे आधी कमरेएवढं, मग गुडघ्याएवढं, मग घोट्याएवढं उरतं, आणि शेवटी उरतो तो नुसता चिखल. म्हणून पाणी उतरायच्या आत बोट बाहेर काढून मोठ्या पाण्याच्या धक्क्याला नेऊन बांधायची, हा दर वर्षीचा शिरस्ता. जी आत राहिली ती हंगामभर चिखलात कुशीवर पडून राहणार. गाडी लावून ओढून काढायची म्हटलं तर काठापर्यंत रस्ताच नाही, पायऱ्या आहेत.

बाकीचे दोघे बोटवाले आपापल्या बोटी घेऊन बाहेर पडले होते. त्यातल्या एकानं 'मावशी, मी येऊन तुमची काढून देतो' म्हटलंही होतं. त्यावर सासूबाईंनी 'मागल्या वर्षी तुझा पंखा चिखलात राहिलाय, तो आधी काढ' असं उत्तर दिलं. मग पुन्हा विचारायला तो कशाला येतोय.

"मी हंगामभर घरात बसले ना," सासूबाई चहाचा कप डाव्या हातानं धरत म्हणाल्या, "तर पुढल्या हंगामाला मला उचलून बोटीत ठेवावं लागेल. मग कसलं पाणी नि कसला मासा."

बोलल्या हसत, पण हसलं कुणी नाही. या वयात एकदा पाण्यावरून उतरलेली बाई पुन्हा चढत नाही, हे मुलगा, सून आणि त्या स्वतः, तिघांनाही ठाऊक होतं, आणि सासूबाईंना त्याची खरोखरच भीती वाटत होती. बोट अडकणं म्हणजे बोटच अडकणं नव्हतं.

चालवणार कोण, हा प्रश्न होता. मुलाचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. त्याला पाणी सोसत नसे. बादलीत पाय बुडवायचे तरी तो भिंतीला धरी. एका हातानं चाक धरून दुसऱ्यानं बटणं दाबणं सासूबाईंना जमणारं नव्हतं, कारण दुसरा हातच नव्हता. राहिली सून.

सून शहरात बस चालवायची. डेपोत तिला मखमल म्हणत. तिची बस थांबली तरी आतल्या झोपलेल्या माणसाला जाग येत नसे, म्हणून. गाडीला ओरखडा नाही, कुणी उतारू पडला नाही, कुणाचं दूध सांडलं नाही. ब्रेक लावावा तर तिनंच, असं मेकॅनिकसुद्धा म्हणत, आणि मेकॅनिक सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत. सासूबाईंना मात्र या नावाचं भारी हसू येई. "मखमल कसली," त्या म्हणत, "बसची धूळ खाऊन खाऊन गोणपाट झालंय पोरीचं." त्यांची हाक आपली 'अगं' एवढीच.

"मी काढते बोट," मखमल म्हणाली. "चाक आहे, पेडल आहे. रस्ता तेवढा ओला."

"ब्रेक नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. पाण्यात कशाला लावणार?"

मखमलनं मान डोलावली. यात काय अवघड आहे, असं तिला वाटलं. तिनं रजा टाकली.

धक्क्यासमोरच्या खोल पाण्यात ती पहिल्याच दिवशी अशी चालवू लागली, की सासूबाईंना चूक काढायला जागा मिळेना, आणि त्याचा त्यांना त्रासच झाला. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"हे बघ. बस उभी असली काय, पळाली काय, रस्त्यावरच असते. बोटीचं उलटं. उभी असली की पाण्यात रुतून बसते. जोरात पळाली की पाण्याच्या वर उठते, आणि एकदा उठली की तिला वीत दीड वीत पाणी पुरतं. पण मध्येच पाय काढलास की बसली. उथळात जो हळू करतो तो अडकतो."

"म्हणजे भीती वाटली की जोरात जायचं?"

"मुळीच नाही! असं करणारे पुष्कळ बघितले, दात शोधत बसतात नंतर. तळ माहीत नसेल तिथे गोगलगायीसारखं जायचं, नाहीतर जायचंच नाही. तळ आधी हातानं चाचपायचा. मऊ चिखल असेल, दगड-खोड नसेल, तरच. पण एकदा निघालं की मध्ये विचार बदलायचा नाही. काय विचार करायचा तो काठावर."

मखमलला हे पटलं. पटणं वेगळं आणि पायाला कळणं वेगळं, एवढंच तिला अजून ठाऊक नव्हतं.

दुपारी कडेच्या उथळात सराव करायला घेतला. बोट छान उठली होती, वारा कानात शिरत होता, आणि पुढे पाण्याचा हिरवा रंग बदलून एकदम चहासारखा झाला. मखमलचा उजवा पाय आपसूक उचलला गेला आणि शेजारचा ब्रेक शोधू लागला. शेजारी फळी होती. तिनं फळी दाबली. इतक्या वर्षांची चांगली सवय पणाला लावून, मनापासून दाबली.

बोट बसली. मागून तिचीच लाट आली, तिनं बोटीचं बूड अलगद उचललं आणि पुढे चिखलावर नेऊन ठेवलं. इंजिन बंद केल्यावर सगळीकडे शांत शांत झालं. एक बेडूक तेवढा ओरडत होता.

सासूबाईंनी वाकून बोटीखालचा चिखल बघितला. मग म्हणाल्या, "वा! काय थांबवलीस गं. कळलंसुद्धा नाही."

बोट सोडवायला शेवटी शिंप्याला पाण्यात उतरावं लागलं. इंजिन वर उचललं, मखमलनं मागून बांबू रेटला, आणि बिचारा शिंपी डोळे मिटून, कमरेएवढ्या चिखलपाण्यात उभा राहून, देवाचं आणि आईचं नाव आलटून पालटून घेत ढकलत राहिला. निघाली एकदाची. त्यानं त्या दिवशी मशीनला हात लावला नाही.

मखमलला फार लागलं ते. बोट अडकली याचं नाही, आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं त्यानंच घात केला याचं. डेपोत तिनं नव्या ड्रायव्हरांना शिकवलं होतं, शंका आली की आधी ब्रेक. आता तीच शंका तिच्या पायात बसली होती. पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या ती सासूबाईंच्या उशाशी उभी होती.

"उठा. तळ चाचपायला जायचंय."

"आज चाचपून आजच काढावी लागेल," सासूबाई पांघरूण सारत म्हणाल्या. "उद्या पाणी नसेल."

"मग आजच काढू."

धक्क्यावर मखमलनं त्यांना वल्ह्याच्या लहान होडीत उतरवायला हात पुढे केला. सासूबाईंनी तो झटकला. "एकच मोडलाय. दुसरा शाबूत आहे," म्हणाल्या, आणि होडी हेलकावत असताना एकट्याच उतरल्या.

होडीतून दोघी पट्ट्यावर गेल्या. पट्टा अर्धा किलोमीटर तरी लांब होता. मखमलच्या हिशेबानं एकामागे एक पन्नास बसगाड्या. सासूबाई बसून बोटानं जागा दाखवायच्या आणि मखमल बांबू खाली घालायची. चिखल, चिखल, पुन्हा चिखल. बांबू लोण्यात सुरी जावी तसा जायचा. एके ठिकाणी मात्र खट् असा आवाज आला.

"खोड," सासूबाई म्हणाल्या. "जुनं झाड आहे. माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे वाट बघत बसलंय."

त्या खोडावर त्यांनी पांढरा रिकामा कॅन बांधला. बाकी वाटेवर दोन्ही बाजूंना काठ्या रोवल्या, आणि काठ्यांना शिंप्यानं शिवून दिलेल्या नारंगी चिंध्या. शिंप्यानं चिंध्यांनासुद्धा कडा दुमडून टीप घातली होती. उसवलेलं काम त्याच्या हातून व्हायचंच नाही. सगळ्यात उथळ जागा शेवटच्या दोन काठ्यांच्या अलीकडे निघाली. मखमलनं तिथे स्वतः उतरून बघितलं. पाणी गुडघ्याच्या खाली होतं, पण पोटरीच्या वर होतं. उभ्या बोटीचं बूड आणि इंजिन तिथे नक्की टेकलं असतं. उठलेल्या बोटीला ते पुरेसं होतं, थोडं उरतही होतं.

जवळच एक बगळा उभा होता.

"तो बघ," सासूबाई म्हणाल्या.

"बघितला. छान आहे."

"अगं, बगळा बघू नकोस, पाय बघ त्याचे. पायाचे काटके दिसतायत? म्हणजे तिथे आपलं काही काम नाही. पोट पाण्याला टेकलेलं असलं, पाय दिसतच नसले, तर खुशाल जायचं. लांबून पाणी मोजायचं तर याच्यासारखी पट्टी नाही. आपलं ते खोली दाखवणारं यंत्र, ते सांगेपर्यंत आपण चिखलात पोचलेलो असतो."

परत येऊन त्यांनी बोट हलकी केली. बर्फाची पेटी, नांगर, गळांची खोकी, जादा पेट्रोल, सगळं धक्क्यावर. शिंपी नारंगी फडकं घेऊन काठाकाठानं चालत पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला गेला. वाट कुठे संपते ते लांबून दिसावं म्हणून. जाताना म्हणाला, "दोघी सांभाळून," आणि मागे न बघता भरभर निघाला.

मखमलनं सासूबाईंचं जॅकेट बांधलं, मग स्वतःचं. मग इंजिनाची लाल दोरी स्वतःच्या जॅकेटला अडकवली आणि ओढून बघितली. चालवणारा बाहेर फेकला गेला की या दोरीनं इंजिन जागच्या जागी बंद पडतं. ही दोरी न अडकवणाऱ्यांना सासूबाई माणसात धरत नसत.

त्या शेजारच्या जागेवर बसल्या आणि अवघडल्या.

"इथे मी कधी बसले नाही," त्या म्हणाल्या. "इथून सगळं वेगळंच दिसतं गं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मध्ये मी काही ओरडलेबिरडले तर लक्ष देऊ नकोस."

"आणि खरंच काही असलं तर?"

सासूबाईंनी विचार केला. "तर तुला दिसेल," त्या म्हणाल्या.

मखमलनं बोट खोल डोहात मागे नेली. उठताना बोटीची शेपूट आधी खाली जाते, म्हणून उठवायची ती खोल पाण्यातच. तिनं नाक पहिल्या चिंध्यांवर धरलं आणि पेडल दाबलं. बोटीनं तोंड आभाळाकडे केलं, क्षणभर समोर नुसतं आभाळच, आणि मग ती पुढे पडली, सपाट झाली, उठली. तिनं बटण दाबून इंजिन हळूहळू वर घेतलं. आवाज बारीक झाला. पाण्याच्या दाबाचा काटा जागेवर होता, म्हणजे इंजिन अजून पाणी ओढत होतं, चिखल नाही.

पहिल्या चिंध्या सटकन गेल्या. हिरवं संपलं, चहा सुरू झाला. पायात शंका वळवळली. मखमलनं बुटात बोटं आवळली आणि मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या हासडल्या. डेपोत राहून तिच्याजवळ त्यांचा साठा चांगला होता. पाय जागेवर राहिला. पांढरा कॅन डावीकडून गेला. पुढे वाट वळत होती. तिनं चाक झटकलं नाही, भरलेली बस वळवावी तसं लांबून, सावकाश दिलं. मागे बघायचं नव्हतं, तरी कडेच्या आरशात दिसलंच: मागची लाट तपकिरी झाली होती. तिला एकाएकी मजा वाटू लागली. बोट हातात होती, वाट ओळखीची होती, आणि त्या वाटेचा वीतन्‌वीत तळ तिनं स्वतः चाचपला होता.

तेवढ्यात एक बगळा येऊन शेवटच्या दोन काठ्यांच्या बरोबर मध्ये उतरला. पांढराशुभ्र, निवांत, घरचंच अंगण असल्यासारखा.

"थांब!" सासूबाई ओरडल्या. साधं ओरडणं नव्हतं ते. जीव घशात आल्यासारखं होतं. "अगं थांब! बगळा! थांब गं!"

मखमलनं बगळ्याकडे बघितलं नाही. तिनं त्याच्या खाली बघितलं. पोट पाण्याला टेकलेलं होतं. पोटाखाली पाणी होतं, आणि पाण्याखाली काय असेल ते असो, वर पाय नव्हते.

तिनं पाय काढला नाही.

बगळा वैतागून उडाला. चिंध्या दोन्हीकडून गेल्या, शिंप्याचं नारंगी फडकं गेलं, फडक्यामागे उड्या मारणारा शिंपी गेला, आणि पाण्याचा रंग आधी हिरवा आणि मग काळाभोर झाला. खोल. मखमलनं श्वास सोडला. मग इंजिन खाली घेतलं आणि पेडलवरचा भार उचलला; एकदम नाही, थोडा, आणखी थोडा. लाट मागून आली ती बोटीखालून मुकाट्यानं निघून गेली. मोठ्या पाण्याचा धक्का जवळ आला. तिनं बोट त्याला लावली आणि उडी मारून दोर बांधला.

सासूबाई डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. शाबूत हातानं त्यांनी कठडा असा धरला होता, की बोटांची नखं पांढरी पडली होती.

"धक्का आला की सांग," त्या म्हणाल्या.

"आई, बांधूनसुद्धा झाली."

सासूबाईंनी डोळे उघडले. आधी दोराकडे बघितलं, मग धक्क्याकडे. मग अंगावरचं जॅकेट उगाचच नीट केलं.

"मी मघाशी काही बोलले का?"

"इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकूच आलं नाही," मखमल म्हणाली.

एवढ्यात शिंपी धापा टाकत धक्क्यावर पोचला. "आई!" तो लांबूनच ओरडला. "केवढ्यानं किंचाळलीस गं! मला त्या टोकाला ऐकू आलं!"

मखमलनं नवऱ्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर पाण्यात पडला असता. त्याला मात्र काही कळलं नाही. त्याच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं होतं, आणि तो बोटीला हात लावून लावून बघत होता.

सासूबाईंनी मागे पट्ट्याकडे नजर टाकली. मग त्यांनी विचारलं, "पाय दिसत होते का गं त्याचे?"

"नाही. म्हणून तर आले."

"मला नुसता बगळा दिसला," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी तुला शिकवलं, आणि मलाच नुसता बगळा दिसला. घाबरले मी." हा शब्द त्यांच्या तोंडून मुलानंही आजवर ऐकला नव्हता. "चाक धरलेलं असलं की घाबरायला हात रिकामा नसतो. बाजूला बसलं की वेळच वेळ."

"हात बरा झाला की तुम्हीच बसा इकडे," मखमल म्हणाली. "मी बसते तिकडे. मी काही ओरडले तर लक्ष देऊ नका."

सासूबाई हसल्या. मग उभ्या राहिल्या. बोट आणि धक्का यांच्यात पायरीएवढंच अंतर होतं; असली अंतरं त्यांनी आयुष्यभर बोलता बोलता ओलांडली होती. पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला, आणि शाबूत हात सुनेपुढे केला.

"हात दे गं, मखमल," त्या म्हणाल्या.